केकची भाजणावळ

आपल्यापैकी प्रत्येकीच्या हाताला एक तरी पदार्थ असा असतो, की त्यावरून नातेवाइकांत आपली ओळख ठरलेली असते. कुणाच्या पुरणपोळ्या, कुणाचे अनारसे, तर कुणाचा पातळ पोह्यांचा चिवडा. गेल्या काही वर्षांत या यादीत केक येऊन बसला आहे. पूर्वी वाढदिवसाला औक्षण आणि शिरा किंवा श्रीखंड-पुरी एवढे झाले, की झाले. आता औक्षणाच्या तबकाशेजारी केक हवाच, आणि तोही शक्यतो घरी केलेला! २०२० च्या टाळेबंदीत तर घराबाहेर पडणेच बंद होते. त्या काळात कितीतरी जणींनी मोबाइलवर बघून बघून केक शिकून घेतला, आणि त्यांतल्या पुष्कळ जणींचा हात चांगलाच बसला.

पुढची पायरी मग आपोआप येते. शेजारच्या वहिनी म्हणतात, "अहो, आमच्या बाळूच्या वाढदिवसाला तुम्हीच करून द्या ना! सामानाचे पैसे देते मी." आपल्यालाही बरे वाटते. वहिनींकडून त्यांच्या जावेकडे, जावेकडून तिच्या मुलाच्या वर्गातल्या आयांकडे अशी बातमी पसरते. रविवार केकमध्ये जाऊ लागतात. आणि एके दिवशी, ऑफिसात किंवा शाळेत वह्यांचा गठ्ठा समोर असताना मनात येते, 'हे सगळं सोडून केकच केले तर?'

मी घर सांभाळून अर्धवेळ शिकवते. शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले, की हा प्रश्न हल्ली हमखास निघतो. म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते आहे. मैत्रिणींनो, केकची कृती मी इथे देणार नाही, ती तुम्हांला येतेच. मला बोलायचे आहे ते त्या एका वाक्याबद्दल : "सामानाचे पैसे देते मी." सगळी मेख तिथेच आहे, बरं का!

घडणावळ, शिवणावळ आणि आपण

दिवाळीच्या आधी नानकटाईचे पीठ घरी मळून बेकरीत भाजायला नेण्याची पद्धत आपल्याकडे गावोगावी होती. तुमच्यापैकी काहीजणी लहानपणी आईबरोबर डबा घेऊन रांगेत बसल्याही असतील. तूप आपले, मैदा आपला, पिठीसाखर आपली, वेलची-जायफळ आपले. बेकरीवाला फक्त ती पत्र्यावर मांडून भट्टीत सारायचा आणि किलोमागे ठरलेले पैसे घ्यायचा. ती त्याची भाजणावळ. चार-आठ आण्यांसाठी घासाघीस व्हायची. पण भाजणावळ द्यायचीच नाही, असे काही कुणाच्या मनात आले नाही.

सोनाराला आपण घडणावळ देतो, शिंप्याला शिवणावळ देतो. खाणावळ हा शब्दसुद्धा मुळात जेवणाच्या आकाराचाच! कष्टाची किंमत वेगळी मोजायची, ही आपल्या भाषेतली जुनी रीत आहे. पण त्याच नानकटाईसाठी तूप-साखर फेसून फेसून जिचा हात भरून आला, तिच्या नावाची मात्र कुठलीच 'णावळ' नाही. घरचेच काम, त्याचे काय पैसे लावायचे!

हौसेचा केक आणि धंद्याचा केक यांत फरक एवढाच आहे. पहिल्यात आपले श्रम फुकट असतात, दुसऱ्यात नसतात. केक अधिक मऊ झाला, वर गुलाबाची फुले अधिक सुबक आली, म्हणून हौसेचा धंदा होत नाही. आपल्या तासाला आपण दर लावला, की होतो.

ज्या बायकांनी स्वयंपाकघरातल्या कामावर मोठी कामे उभी केली, त्यांनी हेच केलेले दिसते. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचेच पुढे लिज्जत झाले. तिथे घरी पीठ नेऊन पापड लाटणाऱ्या बहिणीला किलोमागे लाटणावळ मिळते. लाटण्याचे पैसे आधी, नफ्याची वाटणी नंतर. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी मुंबईच्या गिरणगावात अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. गिरणी-कामगारांना घरी जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका तोवर सावकाराच्या व्याजात अडकलेल्या होत्या. त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे काम या मंडळाने केले. पोळ्या करणे हाही एक व्यवसाय आहे, हे त्यासाठी आधी बँकेला पटवावे लागले, आणि त्या बायकांच्या स्वतःच्या मनालाही!

एका मैत्रिणीची वही

माझी एक मैत्रीण खासगी विनाअनुदानित शाळेत बारा वर्षे शिकवीत होती. पगार महिना बारा हजार. केक फार सुरेख करायची. २०२२ च्या उन्हाळ्यात तिने नोकरी सोडली. ऑर्डरी भरपूर होत्या, महिन्याला बत्तीसपर्यंत. घरात सतत व्हॅनिलाचा वास, सिंकमध्ये सतत भांडी आणि पाठीला सतत रग. पण महिनाअखेरीला हातात काही शिल्लक राहीना. यजमान चेष्टेने म्हणाले, "तुझ्या केकपेक्षा आमच्या दुधाचं बिल जास्त!" ती चेष्टा तिला फार लागली. मग एका दुपारी आम्ही दोघी वही घेऊन बसलो.

अर्धा किलोचा बिनअंड्याचा क्रीम केक ती ३०० रुपयांना देत असे. त्याचा हिशोब आम्ही असा मांडला. (भाव आमच्या गावचे आहेत, तुमच्याकडचे तुम्ही घाला.)

मैदा, साखर, लोणी, दही, क्रीम, इसेन्स वगैरे सामान – १४० रुपये
खोका, खालचा पुठ्ठा, मेणबत्ती, सुरी – ३५ रुपये
वीज, सुमारे एक युनिट – १२ रुपये
बिघडलेला, मोडलेला किंवा ऐनवेळी नको म्हटलेला केक यांची तूट – १८ रुपये
ओव्हन व फेसायचे यंत्र यांची झीज – १० रुपये
एकूण – २१५ रुपये

शेवटच्या दोन ओळी तिने कधी धरल्याच नव्हत्या. ओव्हन आणि यंत्र मिळून साडेअकरा हजारांचे. ते तीन वर्षे चालतील असे धरले, तर महिन्याला साधारण ३२० रुपये पडतात. बत्तीस केक होत असतील तर केकमागे १० रुपये. हे पैसे बाजूला काढले नाहीत, तर ओव्हनची कांडी जाईल त्या दिवशी नवरोबांपुढे हात पसरणे आलेच.

म्हणजे ३०० मधून राहिले ८५ रुपये. आता वेळ बघा. चाळणे, फेसणे, भाजणे, गार करणे, क्रीम लावणे, नाव काढणे, भांडी घासणे आणि गिऱ्हाइकाशी फोनवर "गुलाबी नको, जांभळा हवा" हे बोलणे, सगळे मिळून अडीच तास. तासाला ३४ रुपये! बत्तीस केक, ऐंशी तास आणि हाती २,७२० रुपये. माझ्या मैत्रिणीने पेन खाली ठेवले आणि म्हणाली, "म्हणजे मी गावाला केक वाटत होते गं!"

भाव वाढविल्यावर काय झाले

तिने भाव ३०० चे ४५० केले. छाती धडधडत होतीच. झालेही तसेच, ऑर्डरी बत्तिसांवरून अठरांवर आल्या. चौदा गिऱ्हाइके गेली. त्यांत तिची एक नणंदही होती. पण वही काय म्हणते बघा. अठराच केक झाल्याने यंत्राची झीज केकमागे १८ रुपये धरावी लागली आणि खर्च २२३ वर गेला. तरी केकमागे राहिले २२७ रुपये. अठरा केक, पंचेचाळीस तास, हाती ४,०८६ रुपये. कष्ट जवळजवळ निम्मे, पैसे दीडपट. तासाला नव्वद रुपये पडले.

स्वस्त म्हणून येणारे गिऱ्हाईक दुसरीकडे दहा रुपये कमी दिसले, की तिकडे जाते. चवीसाठी आणि खात्रीसाठी येणारे टिकते. ज्या अठराजणी राहिल्या, त्या अजूनही आहेत.

पण चार हजार म्हणजे बारा हजार नव्हेत. हेही वहीतच दिसले. नुसत्या वाढदिवसाच्या केकवर पगार भरून निघणे लहान गावात कठीण असते, कारण असा प्रत्येक केक वेगळा, सुटा आणि वेळखाऊ असतो. तिने त्याला दोन जोड दिले.

पहिला जोड बिस्किटांचा. नानकटाई, जिरा बिस्किटे, नाचणीची बिस्किटे. ही घाण्याने होतात. पीठ एकदा मळले, की एका सकाळी तीन-चार किलो निघतात. घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस छान राहतात, म्हणजे आजचा माल आजच खपला पाहिजे अशी घाई नाही. वर नाव काढायला नको, की फूल काढायला नको. महिन्याला वीस किलो जातात आणि किलोमागे खर्च जाऊन १२० रुपये राहतात. झाले २,४००.

दुसरा जोड तिला सुचला तेव्हा आम्हांला दोघींनाही हसू आले, कारण तो इतका जवळ होता! बारा वर्षे शिकविण्याचा अनुभव. तिने महिन्यातून दोन शनिवारी केकचे वर्ग सुरू केले. एका वेळी सहाच जणी, प्रत्येकी ७०० रुपये. सामानाचे ९०० गेले तरी वर्गामागे ३,३०० राहतात, म्हणजे दोन वर्गांचे ६,६००. फळ्यावर लिहायची, "समजलं का?" असे विचारायची आणि मागच्या रांगेतलीकडे लक्ष ठेवायची सवय इथे कामी आली. सगळे मिळून आता महिन्याला तेरा हजारांच्या आसपास जाते. मात्र इथवर यायला दीड वर्ष लागले.

काम बदलताना जुन्या कामातले सगळे टाकून द्यायचे नसते, हे तिच्याकडून शिकण्यासारखे आहे. जी बँकेत होती तिला हिशोब येतो, जी दुकानात होती तिला गिऱ्हाईक कळते, जी शिवणक्लास चालवते तिला माप कळते. आपल्या नव्या धंद्यात त्याला जागा शोधावी.

नोकरी केव्हा सोडावी?

सोडायची घाई करू नका. आधी किमान सहा महिने नोकरी सांभाळून केक करा आणि वही ठेवा. त्या सहा महिन्यांत एक चढता हंगाम आणि एक उतरता हंगाम यायला हवा. नाताळ ते फेब्रुवारी, दिवाळीची बिस्किटे, मे महिन्यातले साखरपुडे हे चढते दिवस. पितृपंधरवडा, परीक्षांचा मार्च आणि मुसळधार पावसाचे आठवडे हे उतरते. श्रावणात बिनअंड्याचेच चालते. (शाळेच्या दाखल्यावर निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा असतो. पण ती मंडळी त्या दिवशी केक काही मागवीत नाहीत, हा माझा अनुभव!)

मग सहा महिन्यांची सरासरी काढा. चांगल्या महिन्याकडे बघून निर्णय घेऊ नका, सरासरीकडे बघून घ्या. पगाराबरोबर नोकरीत आणखी काय मिळते तेही मोजा. प्रॉव्हिडंट फंड, भरपगारी रजा, मुलांच्या फीची सवलत, आजारपणाची सोय. धंद्यात ताप आला तर त्या दिवशी कमाई शून्य. शक्य असेल तर एकदम न सोडता आधी अर्धवेळ करा. आणि घरखर्चातला आपला जो वाटा आहे, तो तीन महिने तरी भागेल एवढी रक्कम बँकेत ठेवल्याशिवाय राजीनामा लिहूच नका.

यंत्रांचेही तसेच. पहिला मोठा ओव्हन कर्ज काढून आणण्यापेक्षा लहान ओव्हनच्या कमाईतून आणावा. कर्जाची गरज पडलीच, तर मुद्रा योजनेचा 'शिशु' गट लक्षात ठेवा. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत त्या गटात ५० हजारांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय देतात. बँकेच्या साहेबांपुढे जाताना ही हिशोबाची वही बरोबर न्या.

घरातली माणसे

ओव्हनपेक्षा घरातल्या माणसांची उष्णता सांभाळणे अवघड! पण तेही जमते.

सर्वांत आधी स्वयंपाकघराची वेळ ठरवा. सकाळी दहा ते दोन केकचे, नंतर घराचे, असे काही. अंड्याचा केक करणार असाल आणि घरात सासूबाईंना ते चालत नसेल, तर भांडी, चमचे, फेसायची पाती वेगळी ठेवा आणि त्यांना दाखवून ठेवा. कित्येक ठिकाणी विरोध अंड्याला नसतोच, न विचारल्याचा असतो. किंवा सरळ बिनअंड्याचेच करायचे ठरवा. आपल्याकडच्या गावांतून त्याला मागणी भरपूर आहे आणि गिऱ्हाइकालाही खात्री वाटते.

दुसरा प्रश्न नातेवाइकांचा. "घरचंच तर आहे, पैसे काय घ्यायचे?" इथे रागावून चालत नाही आणि गप्प बसूनही चालत नाही. माझ्या मैत्रिणीने छान तोड काढली. वर्षातून किती केक भेट द्यायचे ते तिने ठरवून टाकले, सहा. कुणाकुणाला तेही वहीत लिहिले. बाकी सगळ्यांना एकच भाव. आता ती हसून सांगते, "वन्सं, तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाचा केक माझ्याकडून. मुलांचे मात्र धंद्याच्या हिशोबात हं!" गेलेली नणंद वर्षभराने परत आली ती या वाक्यामुळेच. भेट ती भेट आणि विक्री ती विक्री, हे एकदा स्पष्ट झाले की नाते बिघडत नाही. अर्धवट सवलतीनेच बिघडते.

तिसरी गोष्ट, पैसे. केकचे पैसे भाजीच्या पाकिटात टाकू नका. आपल्या नावावर वेगळे खाते उघडा. गिऱ्हाईक मोबाइलवरून पैसे पाठविणार असेल, तर ते यजमानांच्या नाही, आपल्या खात्यात यावेत. घरासाठी द्यायचे ते जरूर द्यावे, पण 'दिले' असे वहीत लिहून द्यावे. धंदा चालतो की नाही, हे त्याशिवाय कळणारच नाही.

कायद्याचे थोडेसे

"घरातल्या घरात तर करते, मला कसला कायदा!" असे म्हणू नका. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा घरी करून विकणाऱ्यांनाही लागू आहे. २०११ साली अमलात आलेल्या नियमांत लहान धंद्यासाठी परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवण्यात आली. त्या वेळच्या नियमांप्रमाणे वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असली, तर ही नोंदणी पुरेशी होती आणि तिची फी वर्षाला १०० रुपये होती. असे आकडे अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज भरताना 'फॉसकॉस' या सरकारी संकेतस्थळावरचा चालू आकडा वाचून घ्यावा. नोंदणी झाली की १४ आकडी क्रमांक मिळतो, तो खोक्यावर छापावा. गिऱ्हाइकाचा विश्वास त्याने फार वाढतो.

२०२० च्या जुलैपासून लहान उद्योगांसाठी 'उद्यम' ही सरकारी नोंदणीही आहे. ती विनाशुल्क आहे. आधार कार्डावर घरबसल्या होते. कुणी त्यासाठी दोन-तीन हजार मागितले, तर तो मध्यस्थाचा आकार आहे, सरकारचा नव्हे!

बंद खोक्यात केक किंवा बिस्किटे देताना वर काय काय घातले आहे ते लिहावे. मैदा, दूध, अंडे, शेंगदाणे, काजू-बदाम यांचे नाव तर आवर्जून. ज्यांना ते बाधते, त्यांच्या दृष्टीने हा जिवाचा प्रश्न असतो. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका शाकाहाराचा, हे आपल्याला माहीत आहे. पण केकमध्ये अंडे असेल, तर कायद्याने तो शाकाहारी धरत नाहीत. त्याची खूण तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण. आणि हो, घरगुती गॅसचे सिलिंडर धंद्यासाठी वापरणे नियमात बसत नाही. वीजेचा ओव्हन असेल तर तो प्रश्न येत नाही.

उपयोगी पडतील अशा काही सूचना

वाटीचे माप सोडा, वजनकाटा घ्या. मैदा हलक्या हाताने भरला तर कपात १२० ग्रॅम बसतो, दाबून भरला तर १५०. घरच्या केकला ते चालते. गिऱ्हाइकाला मात्र मागच्या वेळेसारखाच केक हवा असतो.

ओव्हनच्या बटणावर १८० लिहिले आहे म्हणजे आत १८० असतेच असे नाही. आत ठेवायचा लहानसा उष्णतामापक मिळतो, तो ठेवून एकदा खात्री करा. केक मध्ये बसणे, कडा करपणे, वरून फुटणे यांतल्या पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात.

केकचे दिवस ठरवा. एक केक करायला अडीच तास लागतात, पण दोन एकदम केले तर पाच लागत नाहीत, साडेतीनात होतात. 'बुधवार, शुक्रवार, रविवार' असे सांगून ठेवले, की ऑर्डरी आपोआप एकत्र येतात.

ऑर्डर वहीत लिहा : नाव, वार, वेळ, वजन, अंडे की बिनअंड्याचा, वर काय लिहायचे आणि नावातली वेलांटी-उकार. लिहिलेले गिऱ्हाइकाला मोबाइलवर पाठवून 'बरोबर' असे उत्तर घ्या. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. आगाऊ दिलेले पैसे लोकांना ऑर्डर विसरू देत नाहीत.

पोहोचविण्याची जबाबदारी सुरुवातीला घेऊ नका. क्रीमचा केक स्कूटरवरून नेताना दोन गतिरोधक लागले, की तीन तासांची मेहनत खोक्याच्या झाकणाला चिकटते. 'घेऊन जा' असाच रिवाज ठेवा. नेतानाच खोका उघडून दाखवा.

उन्हाळ्यात वीज जाते. क्रीम फ्रीजमध्ये आणि फ्रीज बंद, असे झाले तर काय, याचा विचार आधी करा. माझी मैत्रीण एप्रिल-मे महिन्यांत क्रीमच्या ऑर्डरी मोजक्याच घेते आणि मावा केक, सुक्या मेव्याचा केक यांवर भर देते.

पाठीला जपा. ओटा ठेंगणा असेल तर फेसायचे भांडे पाटावर ठेवून उंच करा. नाव काढताना बसून काढा. पाठ गेली तर धंदाही गेला.

मग हौसेचे काय?

हा प्रश्न मला एका ज्येष्ठ मैत्रिणीने विचारला. "अगं, पैसे आले की हौस जाते. मग उरतं काय?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. तेच तेच निळे-पांढरे फुगे आणि तेच तेच कार्टून काढून कंटाळा येतो. ज्या हातांनी आपण गंमत म्हणून संत्र्याच्या सालीचा केक केला होता, त्या हातांना महिनोन् महिने चॉकलेटशिवाय काही दिसत नाही.

यावर उपाय म्हणून महिन्यातला एक दिवस वहीबाहेर ठेवावा. त्या दिवशीचा केक विकायचा नाही, त्याचा फोटो कुणाला पाठवायचा नाही. नवीन काही करून पाहायचे, फसले तर चहाबरोबर घरच्यांनी खायचे. आणि कुणाला असे वाटले, की नको बाई हा धंदा, माझा केक माझ्या माणसांसाठीच बरा, तर त्यातही काही कमीपणा नाही. हौस हौस म्हणूनच जपणे हाही विचारपूर्वक केलेला निर्णय असू शकतो. मात्र मग "सामानाचे पैसे देते मी" म्हणणाऱ्यांना प्रेमाने चहा पाजावा आणि बेकरीचा पत्ता द्यावा! हौसही नाही आणि धंदाही नाही, अशा मधल्या जागी राबत राहणे तेवढे टाळावे.

ज्यांना करायचेच आहे, त्यांना एवढेच सांगते. पुढच्या केकची ऑर्डर घेण्याआधी शंभर पानी वही आणा. पहिल्या पानावर सामानाचे भाव लिहा, दुसऱ्यावर यंत्रांच्या किमती. आणि तिसऱ्या पानावर आपल्या एका तासाचा दर लिहा. पहिल्यांदा तो आकडा लिहिताना हात थोडा अडखळेल. अडखळू द्या, पण लिहा. ती तुमची भाजणावळ आहे.